मुक्काम कुठे? माल्टाचा जुनाच प्रश्न

सेंट जॉनचे नाइट्स 1530 साली माल्टाच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न त्यांनाही पडला होता. 1522 च्या वेढ्यात ऑटोमन तुर्कांनी त्यांच्याकडून ऱ्होड्स बेट घेतलं. त्यानंतर काही वर्षं हा लढवय्या धर्मपंथ बेघर हिंडत होता. शेवटी सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा देऊन टाकलं आणि मोबदल्यात वर्षाला एक ससाणा मागितला. बेटाची राजधानी त्या वेळी म्दिना होती. मधल्या टेकडीवर, तटबंदीच्या आत, जुन्या घराण्यांचे वाडे तयार उभे होते. नाइट्स तिथे राहिले नाहीत. त्यांचं सगळं बळ गलबतांत होतं आणि म्दिनातून गलबतांवर नजर ठेवणं अवघड होतं. त्यांनी मोठ्या बंदराच्या काठचं बिर्गू हे लहानसं गाव निवडलं. त्या निवडीमुळे माल्टाचा इतिहास डोंगरावरून समुद्रावर आला.

आज भूमध्य समुद्रात सुट्टी घालवायला निघालेला प्रवासीही नकाशा उघडून याच प्रश्नाशी अडतो. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटं मिळून क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांच्या जवळपास निम्मं. मुख्य बेटाची लांबी जेमतेम 27 किलोमीटर. एवढ्याशा बेटावर कुठेही राहिलं तरी चालेल, असं वाटणं साहजिक आहे. पण ते खरं नाही. आजची राजधानी व्हॅलेटा ते म्दिना धावणारी बेटावरची एकुलती एक रेल्वे 1931 साली बंद पडली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. रस्ते अरुंद आणि मोटारी अमाप. बहुतेक बसगाड्या व्हॅलेटाच्या वेशीबाहेरच्या थांब्यावरून सुटतात आणि तिथेच परततात. त्यामुळे उत्तर टोकाला खोली घेणाऱ्याचे रोजचे दोन-तीन तास खिडकीतून पिवळे दगड बघण्यात जातात. शिवाय इथलं प्रत्येक गाव कुठल्या तरी ठोस कारणाने वसलं आहे. कुठे वेढ्याची भीती होती, कुठे चाच्यांची, कुठे नुसता उन्हाळा. रात्रीच्या मुक्कामाला ते कारण अजून जाणवतं.

विमानतळ एकच, लुकाला. तिथून बिर्गू काही किलोमीटरवर आहे. समुद्रात घुसलेल्या एका जिभेच्या टोकाला सेंट अँजेलो किल्ला, मागे अरुंद गल्ल्या, दारांपुढे फुलझाडांच्या कुंड्या आणि रंगीत लाकडी बंद सज्जे. 1565 साली ऑटोमन सुलतान सुलेमानचं तीस-चाळीस हजारांचं सैन्य या बंदरावर चालून आलं. आत लढणारे सुमारे सहा हजार होते आणि त्यांतले नाइट्स पाचशेच्या आसपास. समोरच्या टोकावरचा सेंट एल्मो किल्ला 23 जूनला पडला. बिर्गू आणि शेजारचं सेंग्लिया मात्र सप्टेंबरपर्यंत तगून राहिलं. 8 सप्टेंबर हा विजयदिन आजही राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. बिर्गू, सेंग्लिया आणि बोर्म्ला यांना मिळून तीन शहरं म्हणतात. पर्यटकांच्या झुंडी इथे दिवसा येतात, इन्क्विझिटरचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायाधीशाचा वाडा बघतात आणि संध्याकाळी निघून जातात. त्यानंतर गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. चौकात म्हातारी माणसं बाकांवर येऊन बसतात आणि धक्क्यावर नौकांच्या डोलकाठ्यांच्या दोऱ्या खडखडत राहतात. दुकानं थोडी आहेत, वाळूचा किनारा नाही, चढउतार आहे. तरीही बेटाची ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

बिर्गूहून व्हॅलेटाला बसने जाऊ नये. धक्क्यावरून फेरीबोट किंवा 'दाय्सा' नावाची रंगीत होडी घ्यावी. काही मिनिटांतच पलीकडचे तट अंगावर आल्यासारखे उंच होतात. या पाण्याशी मुंबईचा एक खरा दुवा आहे. 1878 साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्या संघर्षात इंग्लंडला आपलं बळ दाखवायचं होतं. पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानी सैन्याच्या सुमारे सात हजार जवानांना मुंबईतून जहाजांत बसवलं आणि नऊच वर्षांपूर्वी खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून माल्टाला आणलं. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. लंडनच्या संसदेत यावरून मोठा वाद झाला. माल्टाच्या उन्हात या जवानांनी छावण्या टाकल्या आणि काही आठवड्यांनी त्यांना सायप्रसकडे हलवण्यात आलं. व्हॅलेटाच्या बुरुजांवरून बंदराकडे पाहणाऱ्या मराठी माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडची माणसं इथे पर्यटक म्हणून येण्याच्या कितीतरी आधी शिपाई म्हणून येऊन गेली आहेत.

होडीतून उतरल्यावर कडा चढायला लिफ्ट आहे. ती 58 मीटर वर, थेट अप्पर बराक्का बागेत नेते. खालच्या तोफखान्यातून दुपारी बाराला आणि चारला तोफ डागली जाते.

1565 चा वेढा उठला तरी नाइट्स निश्चिंत झाले नाहीत. पुढच्या खेपेला शत्रू समोरची उघडी टेकडी आधी बळकावणार, हे त्यांच्या महागुरूला, जाँ दे ला व्हालेतला, कळून चुकलं होतं. पोपने धाडलेल्या फ्रांचेस्को लापारेल्ली या अभियंत्याने तिथे व्हॅलेटाचा नकाशा आखला आणि 28 मार्च 1566 रोजी पायाचा दगड बसला. उभ्या-आडव्या सरळ रस्त्यांचं असं आखीव शहर त्या काळी युरोपात दुर्मीळ होतं. प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायला टाकं हवं, असा नियम होता. नदी नसलेल्या बेटावर पुन्हा वेढा पडला असता, तर त्या टाक्यांवरच शहर जगणार होतं. ला व्हालेत 1568 साली वारला. शहर पूर्ण झालेलं त्याला बघता आलं नाही. लापारेल्लीचा माल्टी सहायक जिरोलामो कास्सार याने काम पुढे नेलं आणि 1571 साली नाइट्सनी बिर्गू सोडून इथे बिऱ्हाड हलवलं.

हा आराखडा आजच्या पाहुण्याच्याही उपयोगाचा आहे. शहर एका लांबट टेकडीवर आहे. माथ्यावरून जाणारे रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट वेशीपासून बऱ्याच अंतरापर्यंत सपाट आहेत. त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या मात्र दोन्ही बाजूंना समुद्राकडे उतरतात आणि त्यांतल्या कित्येकांना नुसत्या पायऱ्याच आहेत. कवी बायरनने इथून जाताना या पायऱ्यांना शिव्याशाप दिले होते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी म्हणूनच खोली वेशीजवळ, माथ्यावरच घ्यावी. आरक्षण करण्याआधी इमारतीत लिफ्ट आहे का, हे जरूर विचारावं. चारशे वर्षांच्या घरांत ती असेलच असं नाही. एवढं सांभाळलं तर व्हॅलेटासारखा मुक्काम नाही. सकाळी गर्दी येण्याआधी सेंट जॉन कॅथीड्रलच्या दारात उभं राहता येतं. आत चित्रकार काराव्हाज्जोने 1608 साली रंगवलेलं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' हे प्रचंड चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही त्याने सांडलेल्या रक्तातून उमटवली आहे. रांग नसताना, शांतपणे ते पाहायला मिळणं, एवढ्यासाठी जास्त भाडं मोजावं लागलं तरी वाईट वाटू नये.

प्रवासी कंपन्यांच्या सहलींत मात्र बहुधा पलीकडच्या स्लीमा आणि सेंट ज्युलियन्समधली हॉटेलं दिली जातात. व्हॅलेटाहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की स्लीमा. ब्रिटिश काळात व्हॅलेटातल्या सुखवस्तू घराण्यांनी इथे उन्हाळ्यासाठी घरं बांधली. किनाऱ्यावरच्या खडकात कोरलेले चौकोनी हौद अजून दिसतात. बायकांना आडोशाने समुद्रस्नान करता यावं म्हणून ते केलेले. त्या घरांतली थोडीच उरली आहेत, बाकीच्या जागी मनोरे उठले. सेंट ज्युलियन्सच्या स्पिनोला खाडीत अजून कोळ्यांच्या होड्या आहेत, पण दहा मिनिटं चाललं की पॅचेव्हिलचा गोंगाट सुरू होतो. तिथे रात्र पहाटेपर्यंत चालते. विशीतल्या मित्रमंडळींना ते हवंच असेल. सोय म्हणाल तर भरपूर आहे. हॉटेलं, भारतीय जेवणाच्या जागा, लांबलचक सपाट पादचारी मार्ग, सगळं हाताशी. पण वाळू जवळजवळ नाही, पोहायला खडकावरून लोखंडी शिडी उतरावी लागते. त्यात बांधकामं अखंड चालू. शेजारच्या भूखंडावर काम सुरू आहे का, हा प्रश्न इथे खोलीतून समुद्र दिसतो का याच्या आधी विचारायला हवा. सगळी सुट्टी स्लीमात काढून परतणाऱ्याने एक आधुनिक किनारी शहर पाहिलेलं असतं. माल्टा त्याला समोरून, पाण्यापलीकडून दिसलेलं असतं.

नाइट्सनी नाकारलेलं म्दिना आता तीनशेपेक्षा कमी वस्तीचं आहे. मोटारींना तिथे फारसा प्रवेश नाही. 1693 च्या भूकंपात पडझड झाली, तेव्हा लोरेन्झो गाफाने कॅथीड्रल नव्याने बांधलं. तटावरून अर्धं बेट दिसतं. दिवसा इथे यावं, रात्र काढायची असेल तर एखादीच.

लहान मुलं असतील तर सगळा हिशेब बदलतो. मुलांना वाळू हवी, उथळ पाणी हवं, आणि दोन्ही उत्तरेला आहे. मेल्लिहा गावाखालचा आदिरा हा बेटावरचा सर्वांत लांब वाळूचा किनारा. पाणी इतकं हळूहळू खोल होत जातं की मुलं बरीच आत जाऊन उभी राहतात. पलीकडच्या टेकडीवर 1649 साली बांधलेला लाल बुरूज आहे. चाच्यांची शिडं दिसली की वर्दी द्यायची, हे त्याचं काम. त्या काळी या उघड्या उत्तर किनाऱ्यावर वस्ती करायचं धाडस कोणी करत नसे. गावं मागाहून वाढली, म्हणून इथे जुने चौक आणि वाडे कमी. बुजिब्बा, काउरा हा भाग स्वस्त पडतो, पण त्याला स्वतःचं असं रूप नाही.

उत्तरेच्या टोकाच्या चिर्केव्वा धक्क्यावरून गोझोची बोट सुटते. जाताना कोणी तिकीट मागत नाही, पैसे परतताना इम्जारच्या धक्क्यावर भरायचे. साधारण पंचवीस मिनिटांचा प्रवास. व्हॅलेटाहूनही थेट जलद बोट आहे. पूल नाही, बोगदा नाही, आणि त्यामुळेच गोझो अजून गोझो आहे.

बहुतेक लोक इथे एका दिवसासाठी येतात. ते पुरत नाही. रात्री कुठे झोपायचं, हा प्रश्न या बेटावर एके काळी जिवावरचा होता. 1551 साली ऑटोमन सेनानी तुर्गुत रईसच्या आरमाराने गोझोवर धाड घातली. लोक किल्ल्यात शिरले, किल्ला पडला आणि सुमारे पाच हजार माणसांना गुलाम करून नेण्यात आलं. बेट जवळपास ओस पडलं. चौदा वर्षांनी हाच तुर्गुत वेढ्यात सामील झाला आणि सेंट एल्मोच्या लढाईत जखमी होऊन मेला. पुढे वस्ती परत आली, पण भीती गेली नाही. गोझोकरांनी रात्री किल्ल्याच्या आतच झोपायचं, असा कायदा होता आणि तो 1637 पर्यंत टिकला. दिवसभर शेतात राबायचं आणि अंधार पडायच्या आत टेकडी चढायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. गोझोच्या मुख्य गावातल्या, म्हणजे व्हिक्टोरियातल्या, त्या किल्ल्याच्या, चित्तादेल्लाच्या, तटावर उभं राहिलं की चहूकडे पसरलेली गावं दिसतात. ही गावं म्हणजे रात्री कुठे झोपायचं हे ठरवण्याचा हक्क लोकांना परत मिळाल्याची खूण.

गोझोत हॉटेल घेऊ नये, शेतघर घ्यावं. जाड दगडी भिंती, कमानी, मधे अंगण, त्यात लहानसा तलाव. शारा किंवा आर्बसारख्या गावांत जुनी शेतघरं दुरुस्त करून भाड्याने देतात. दोन कुटुंबं एकत्र राहिली तर परवडतं. स्वयंपाकघर असल्यामुळे घरच्या चवीची आठवण आली तर वरणभातही होतो. शाराच्या कडेलाच जिगंतियाची मंदिरं आहेत, इसवी सनापूर्वी 3600 च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून हजारेक वर्षांनी जुनी. सकाळी दार उघडताच तिथे आधी पोचलं की त्या अजस्र शिळांमध्ये माणूस एकटा असतो. मग राम्लाचा तांबूस वाळूचा किनारा, श्वेइनीची खडकात कोरलेली मिठागरं, आणि व्हिक्टोरियात एकाच रस्त्यावर असलेली, दोन प्रतिस्पर्धी बँड क्लबांची दोन ऑपेरागृहं. केवळ चढाओढीतून एवढ्याशा गावाने दोन ऑपेरागृहं उभी केली, यावरून इथल्या माणसांची हौस कळते. समुद्रात उभी असलेली प्रसिद्ध दगडी कमान, 'अझुर विंडो', मात्र 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली. जुनी छायाचित्रं पाहून कोणी तिच्या भरवशावर येऊ नये.

उन्हाळ्यात गावोगावच्या संतांचे उत्सव असतात. बिर्गूत 10 ऑगस्टला, व्हिक्टोरियात 15 ऑगस्टला. रोषणाई, मिरवणुका, बँड, आणि सकाळपासून दारूकामाचे बार. ज्यांना हे हवं त्यांनी मुद्दाम त्या तारखा साधाव्यात, झोप प्रिय असणाऱ्यांनी टाळाव्यात. पाओलाच्या हिपोजियमचं, म्हणजे भूमिगत दफनस्थळाचं तिकीट मात्र मुक्कामाच्याही आधी काढावं. तासाला मोजक्याच माणसांना आत सोडतात आणि तिकिटं खूप आधी संपतात. रस्त्यावर मिळणाऱ्या पास्तित्सीत रिकोटा चीज किंवा वाटाणा असतो, पण पापुद्र्यासाठी चरबी वापरण्याची जुनी पद्धत आहे. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं.

आठवडाभराची सुट्टी असेल तर मुक्काम दोन करावेत. पहिले चार दिवस मोठ्या बंदरावर, पायांत बळ असेल तर बिर्गूत, नसेल तर व्हॅलेटाच्या माथ्यावर. उरलेले तीन गोझोत. मुलं लहान असतील तर बंदराऐवजी मेल्लिहा घ्यावं आणि व्हॅलेटासाठी एक पूर्ण दिवस राखावा. विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र मुख्य बेटावर काढावी, कारण वारा चढला की गोझोच्या बोटी थांबतात.