दवनीवाड्यांतील डाव

प्रवासवर्णन म्हटलें कीं तीर्थक्षेत्र, किल्ला अथवा धबधबा यांची अपेक्षा वाचकांच्या मनांत सहजच उत्पन्न होते. आम्ही दवनीवाड्यास गेलों तें यांपैकीं कशासाठींहि नव्हे; एका आप्तांच्या घरीं चार दिवस विश्रांति घ्यावी एवढाच हेतु होता. परंतु तेथें जें पाहिलें, तें मुलेंबाळें असलेल्या प्रत्येक घरीं सांगण्याजोगें वाटतें.

हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदिया हें मोठें जंक्शन. १९९९ सालीं भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन हें शहर स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें झालें. दवनीवाडा त्याच्याच तालुक्यांत आहे. मार्गशीर्षाचे दिवस होते. धान कापून झालें होतें, आणि रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, मुलांचे खेळ रंगले होते. मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही बोली एकाच डावांत ऐकूं येत होत्या.

याचें नवल मानण्याचें कारण नाहीं. खेळ भाषेच्या सीमा कधींच पाळीत नाहीं. विटीदांडूंत मराठी मुलें वकट, लेंड, मुंड, नाल असें मोजीत आलीं आहेत. तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे अंक ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस या शब्दांचें माहेर निराळें सांगावयास नको.

आप्तांच्या ओसरीवर मात्र वेगळाच खेळ मांडला होता. गांवची वीज सकाळपासून गेली होती, म्हणून घरचीं मुलें बाहेर आलीं होतीं. एक मुलगा प्रश्न विचारी, समोरची मुलगी उत्तर देई, आणि बक्षीस म्हणून चिंचोके मिळत. हा 'कौन बनेगा करोडपति'चाच अवतार, हें आम्ही तेव्हांच ओळखलें. १९९८ सालीं इंग्लंडांत सुरू झालेला प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ३ जुलै २००० रोजीं या नांवानें हिंदींत आला. पंधरा प्रश्न, एक कोटि रुपये, आणि अडल्यास तीन 'लाइफलाइन'! त्या वर्षीं कित्येक घरांत रात्रीं तीन पिढ्या एकत्र बसत. पुराणांतलें उत्तर आजी देई, क्रिकेटांतलें नातू देई.

ज्ञानाच्या या परीक्षेस कोणी द्यूत म्हणूं नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत द्यूतकार सर्वस्व गमावून बसतो, आणि शेवटीं फांसे टाकून शेती करण्याचा उपदेश त्यास होतो. ते फांसे विभीदकाचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या अरण्यांत आढळणाऱ्या बेहड्याच्या फळांचे. तेथें दैवावर सारा भार. येथें व्यासंगास फळ. अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी येथें महिना १,५०० रुपयांवर शाळेची खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनीं २०१९ सालीं याच कार्यक्रमांत एक कोटि रुपये जिंकले, याचा आम्हां वैदर्भीयांस अभिमान आहे.

तथापि पडद्यावरील खेळांत आणि ओसरीवरील खेळांत एक मोठा भेद आहे. पडद्यावर डाव एकाचा. इतर सारे प्रेक्षक. ओसरीवर उत्तर चुकलेली मुलगी उठली ती प्रश्न विचारणाऱ्याच्या जागीं जाऊन बसली. सर्वांत धाकट्यास एकहि उत्तर येत नव्हतें, तरी त्यास 'कच्चें लिंबू' ठरवून डावांत ठेवलें होतें; तो चुके, पण बाद होत नसे. दुर्बळास सांभाळून घेण्याचा हा नियम मुलांस कोणत्याहि पाठ्यपुस्तकानें शिकविलेला नाहीं, आणि कोटींच्या बक्षिसांत त्यास जागा नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वीज आली. मुलें आंत गेलीं, कोणी दूरचित्रवाणीपुढें, कोणी भ्रमणध्वनि घेऊन कोपऱ्यांत. चिंचोके ओसरीवर तसेच पडले होते, आणि धाकटा ते एकटाच मोजीत बसला होता.

गृहस्थांस व गृहिणींस आमची विनंति इतकीच. पडद्यावरचे खेळ मुलांनीं अवश्य पाहावेत. परंतु आठवड्यांतून एक संध्याकाळ वडीलधाऱ्यांनीं वीज असतांनाहि ओसरीवर येऊन बसावें, प्रश्न विचारावे, स्वतः चुकावें, आणि घरच्या कच्च्या लिंबास डावांत घ्यावें.