येताना एक वायरलेस घेऊन ये

अमेरिकेतून भारतवारी ठरली की फर्माइशींची यादी येते. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाला परफ्यूम, कुणाच्या मुलाला बूट. (बदाम अजूनही इथूनच का लागतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. दापोलीच्या बाजारात ढिगाने मिळतात!) यावेळी मात्र हर्णैहून आत्तेभावाचा फोन आला, "तिकडे तो हातातला वायरलेस मिळतो ना, समुद्रावरचा? येताना एक घेऊन ये. पैसे देतो."

दादा तांडेल आहे. स्वतःची छोटी बोट, दोन खलाशी. 2022 च्या डिसेंबरात एका रात्री त्याचं इंजिन बंद पडलं. मोबाईलला रेंज नाही, बोटीवरचा जुना वायरलेस सेट मुका. रात्रभर वाहत होते तिघं. सकाळी दुसऱ्या बोटीला दिसले म्हणून दोर मिळाला. ती रात्र आत्याने जेट्टीवर बसून काढली. घरात या विषयावर कुणी बोलत नाही. त्यामुळे दादाने "घेऊन ये" म्हटल्यावर ही फर्माइश बदामाच्या रांगेतली नाही एवढं मला कळलं.

मी सिअ‍ॅटलला राहतो. इथे निम्म्या गावाकडे बोटी आहेत असं वाटावं इतकं बोटींचं वेड. शनिवारी बोटींच्या सामानाच्या दुकानात गेलो. आयकॉम, स्टँडर्ड होरायझन वगैरेंचे हँडसेट ओळीने मांडलेले. शंभर डॉलरपासून तीनशेपर्यंत. पाण्यात पडला तर तरंगतो, वर दिवाही लुकलुकतो. आमच्यासारख्या गॅजेटवाल्या माणसाला आणखी काय हवं? आणि परवाना? नको. अमेरिकेच्या हद्दीत हौशी बोटवाल्यांना व्हीएचएफसाठी 1996 पासून परवाना लागत नाही. कार्ड घासा आणि घेऊन जा.

मी घासलं नाही. सवयीप्रमाणे आधी मॅन्युअल डाउनलोड करून वाचलं. (हो, मॅन्युअल वाचणारी माणसं असतात :-) )

पहिली गोष्ट चॅनेलची. चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, हा संकटाचा आणि हाक मारायचा चॅनेल जगभर एकच. बाकीच्यांचं तसं नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत काही चॅनेलवर बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि ऐकायची वेगळी. अमेरिकेत त्यातलेच काही एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. म्हणजे किनाऱ्यावरचं स्टेशन आणि बोट, दोघंही 22 वर आहेत आणि एकमेकांना ऐकूच येत नाहीत, असं होऊ शकतं. मेनूमध्ये अमेरिका की आंतरराष्ट्रीय हे निवडता येतं, पण अंधारात ओल्या हाताने भलतंच बटण दाबलं गेलं तर? हवामानाचं बटणही असतं. इथे दाबलं की नोआचं हवामान चोवीस तास ऐकू येतं. हर्णैला नुसती खरखर.

दुसरी गोष्ट त्या लाल बटणाची. महागड्या सेटमध्ये जीपीएस असतो आणि झाकणाखाली लाल बटण. ते दाबून धरलं की चॅनेल 70 वरून डिजिटल हाक जाते. मी कोण, कुठे आहे, संकटात आहे. मला हे जाम आवडलं. पण यातल्या "मी कोण"साठी नऊ आकडी नंबर लागतो, एमएमएसआय. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे 419. इथे हौशी बोटीला तो चटकन मिळतो, पण तो अमेरिकन नंबर, अमेरिकेतल्याच यादीत. दादाने त्यावरून हाक मारली तर पलीकडच्याला सिअ‍ॅटलची कुठलीतरी नौका अरबी समुद्रात बुडताना दिसणार. आणि बहुतेक सेटमध्ये हा नंबर एकदाच, फार तर दोनदा टाकता येतो. एका सरकारी नंबरासाठी इतकी कडक व्हॅलिडेशन मी ऑफिसातही लिहिलेली नाही.

चार्जरचं थोडक्यात सांगतो, पाठीमागे बारीक अक्षरात 120 व्होल्ट एवढंच लिहिलं असेल तर घरच्या 230 ला लावू नका. धूर येईल.

खरा अडसर मात्र कायद्याचा. आपल्याकडे 1933 च्या वायरलेस कायद्याने असा सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागायचा. आता 2023 चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने त्याची जागा घेतोय, पण परवानगीचं तत्त्व तेच आहे. 446 मेगाहर्ट्झच्या एका छोट्या पट्ट्यात कमी ताकदीच्या वॉकी-टॉकीला सूट आहे. सागरी व्हीएचएफ त्यात बसत नाही. बाहेरून आणायचा तर आयातीची परवानगी वेगळी. आणि किनाऱ्यावर ही कडकपणाची बाब उगीच नाही. 26 नोव्हेंबर 2008 चे हल्लेखोर 'कुबेर' ही मच्छीमार बोट बळकावूनच मुंबईपर्यंत आले होते. त्यानंतर कोळ्याच्या बोटीवर कागद नसलेला परदेशी वायरलेस सापडला तर चौकशी कुणाची होणार? माझी नाही. मी तोवर परतीच्या विमानात. दादाची होणार.

हे सगळं फोनवर सांगितलं तर दादा एवढंच म्हणाला, "म्हणजे आणत नाहीस." मग बराच वेळ गप्प. अशा गप्प बसण्यापुढे नियम सांगणाऱ्याला फार क्षुद्र वाटतं. नियम बरोबर असले तरी.

म्हणून मी त्याच्यासाठी हिशोब केला. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत चालतो. अँटेना पाण्यापासून किती मीटर उंच आहे त्याचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा, तेवढे किलोमीटर. हातातला सेट दोन मीटरवर धरला तर जेमतेम सहा. समोरच्या बोटीचेही सहा, म्हणजे सगळे मिळून बारा, तेही कागदावर. पण समोर शंभर मीटर उंचीवर अँटेना असेल तर एकदम सत्तेचाळीस! अमेरिकेच्या कोस्ट गार्डची 'रेस्क्यू 21' यंत्रणा अशीच आहे. पाण्यापासून दोन मीटरवरचा एक वॉटचा सेट वीस सागरी मैलांवरून ऐकू यावा या हिशोबाने किनाऱ्यावर मनोरे बांधलेत, आणि आवाज कुठल्या दिशेने आला तेही त्यांना कळतं. दुकानातला हँडसेट मला इतका भारी वाटला तो या मनोऱ्यांच्या जोरावर. ते काही बॅगेत घालून आणता येत नाहीत.

मग त्याला म्हटलं, तुझा जुना सेट दाखव. व्हिडिओ कॉल लावला. 25 वॉटचा, परवान्यातला, चालू होत होता. अँटेनाच्या वायरचा कनेक्टर उघडला तर आत हिरवागार. खारं पाणी केबलच्या जाळीतून पार आत गेलेलं. गावातल्याच मेकॅनिकने केबल बदलली आणि अँटेना डोलकाठीवर सहा मीटरपर्यंत चढवली. आता तशाच दुसऱ्या बोटीशी वीस किलोमीटरच्या आसपास बोलता यायला हवं.

बोट उलटली किंवा बॅटरीत पाणी गेलं तर हा सेट कामाचा नाही, तिथे हातातलाच लागतो. दादाचं म्हणणं चूक नव्हतंच. आता तो सोसायटीमार्फत इथलाच मान्यताप्राप्त हँडसेट मागतोय, परवान्याच्या कागदांसकट. अर्ज गेलाय, उत्तर नाही. दरम्यान, 30 ऑगस्ट 2024 ला पालघरहून सुरू झालेल्या योजनेतला इस्रोचा ट्रान्सपाँडर त्याच्या बोटीवर लागलाय. त्यातून उपग्रहामार्फत संकटाचा निरोप जातो, उलट निरोपही येतो. मी त्याला दहा मिनिटं त्याचं कौतुक ऐकवलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगलाय रे. पण रात्री त्यात माणसाचा आवाज येत नाही."