हळदीला केशराचं नाव

ती. मामा,

‘हळद म्हणजे गरिबाचं केशर’ हा तुमचा शेरा मला पटत नाही, पण परदेशी शब्दकोश तुमच्याच बाजूचे आहेत. अरबीत कुर्कुम हा शब्द केशरालाही लावत आणि हळदीलाही; त्यावरूनच तिचं शास्त्रीय नाव ‘कुर्कुमा’ झालं. मार्को पोलोला चीनमध्ये केशराचे सारे गुण असलेली, पण केशर नसलेली एक वस्तू दिसली, ती बहुधा हळदच. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातही ती ‘देशी केशर’ आहे. ब्राझीलमध्ये आजही तिला तेच म्हणतात. पण ही सगळी नावं गिऱ्हाइकांची. केशर आधीच ठाऊक असलेल्यांनी नव्या मालाला जुनी चिठ्ठी डकवली, एवढाच त्यांचा पुरावा. इंग्रजी ‘टर्मरिक’ बहुधा ‘गुणी माती’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आला. गाठ न पाहता नुसती पूड पाहिलेल्यालाच हे सुचावं! जिथं ती पिकते तिथं मात्र ती तिच्याच पिवळेपणावरून हरिद्रा झाली, प्राकृतातून उतरत हळद झाली. वैद्यांनी निशा, रजनी अशी रात्रीची नावंही तिला बहाल केली. यात केशर कुठंच नाही.

यावर तुम्ही कुंकू पुढं कराल, आणि ते रास्तच आहे. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर, आणि आपलं पारंपरिक कुंकू हळकुंडांना लिंबाचा रस नि टाकणखार लावून केलेलं. म्हणजे आपणही उसनवारी केलीच. पण पुढं काय झालं ते पाहा. मराठीत कुंकू म्हटल्यावर केशर कोणाच्या मनातही येत नाही. नाव हळदीकडे राहिलं, आणि केशराला मुळात नुसता ‘तंतू’ असा अर्थ असलेल्या, कमळाच्या तंतूंनाही लागणाऱ्या शब्दावर भागवावं लागलं. शिवाय कुंकू ही केशराची नक्कलही नव्हे. क्षार लागताच लाल होणं हा हळदीचा स्वतःचा गुण. केशराला ते जमत नाही. नाव उसनं असेल, वस्तू उसनी नाही.

केशरात हळदीची भेसळ होत आली, हे खरं. पण त्यातून लबाडाची नियत कळते, हळदीची पायरी नाही. पायरी पाहायची तर वापर पाहावा. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं’ या म्हणीत थोडक्यात हुरळणाऱ्या माणसाचं माप हळकुंडानंच घेतलं आहे. ‘काल तिला हळद लागली’ म्हटलं की पदार्थाच्या नावातच अख्खा विधी येतो. दुसऱ्याची जागा भरायला आणलेल्या वस्तूला भाषा इतका मान देत नाही. तेव्हा त्या वाक्यातलं ‘गरिबाचं’ हवं तर ठेवा. ‘केशर’ तेवढं खोडा.

आपला,
भाचा