तीन पायांवरची उंची

ताश्कंद हे नाव मराठी घरांत पोचलं ते एका वाईट बातमीसोबत. जानेवारी १९६६ मध्ये, कराराची शाई वाळते न वाळते तोच, लालबहादूर शास्त्री तिथे गेले. आपल्या मनातलं ताश्कंद त्या रात्रीपाशीच थांबलं. त्या शहरावर पुढे काय ओढवलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच वर्षी २६ एप्रिलला, पहाटे साडेपाचच्या सुमारास, थेट शहराच्या पोटाखाली जमीन उसळली. मातीच्या विटांची जुनी घरं बसली, लाखो माणसं उघड्यावर आली.

त्या पहाटेची आठवण म्हणून शहरात एक काळा दगड आहे. घनाकृती, त्याच्या अंगावर घड्याळाची तबकडी, आणि तिला चिरत गेलेली भेग. ती भेग फरशीवरून पुढे सरकत एका कुटुंबाच्या पायांपाशी येते. पुरुषाने बाईला आणि लेकराला पाठीशी घातलं आहे. तिथे उभं राहिलं की आपसूक आपल्या पायांखाली लक्ष जातं.

याच जमिनीवर, अवघ्या बारा वर्षांनी, १९७८ साली, ३७५ मीटर उंचीचा टीव्ही मनोरा उभारायला घेतला गेला. १९८५ मध्ये तो सुरू झाला. भूकंप पुन्हा येणार, हे धरूनच त्याची आखणी झाली. म्हणून मधला पोलादी खांब एकटा वर जात नाही. तीन तिरके पाय दूरवर टेकतात आणि चढत जाऊन त्याला बगलेत धरतात, थकल्या माणसाला घरच्यांनी धरावं तसे. सुमारे शंभर मीटरवरच्या सज्जातून झाडांत बुडालेलं शहर दिसतं, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर बर्फाचे डोंगर.

माझी नजर मात्र खाली, बोझसू कालव्याकडे जात राहिली. त्या काठावर स्टालिनच्या काळात माणसांना गोळ्या घालून पुरलं गेलं. मनोरा सुरू झाला तेव्हा त्याच्या लहरींवरून घराघरांत गाणी गेली, बातम्या गेल्या; पायथ्याशी पुरलेल्यांबद्दल मात्र चकार शब्द निघाला नाही. त्यांचं स्मारक तिथे उभं राहिलं ते २००० साली.

उंच बांधायला पैसा आणि पोलाद लागतं. ते सत्तेपाशी असतंच. जमिनीची दुखणी मान्य करायला त्याहून मोठं धैर्य लागतं. जमीन हलते, हे ताश्कंदने मनोऱ्याच्या पायांतच मान्य केलं. जमिनीत माणसं आहेत, हे मान्य करायला त्याला आणखी पंधरा वर्षं लागली. मला या शहराचा आदर वाटतो तो या दुसऱ्या कबुलीसाठी अधिक. कारण भूकंप कोणी घडवत नाही. त्या काठावरच्या गोळ्या माणसांनी झाडल्या होत्या.