हौशाची भाकरी

डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये काढून ठेवलेला तो तुकडा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा, अंगठ्याएवढा, काळपट पडलेला. तीन दिवस हौशाच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. अकलूजला नेलं, एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली आणि त्याच संध्याकाळी आतडं उघडावं लागलं. कणसाचा गाभा कुत्र्याच्या पोटात विरघळत नाही. दाण्यांच्या गोडीनं ते गिळतं आणि तो पुढं जाऊन बूच मारल्यासारखा अडकतो. आमच्या गोठ्यापुढं मक्याच्या दिवसांत अशी कणसं ढिगानं पडलेली असतात. ती उचलायचं कधी सुचलंच नाही, कारण याआधीची कुत्री त्यांना तोंड लावत नव्हती.

"दिवसभर हा काय करतो?" डॉक्टरांनी विचारलं.

मी शाळेत असते, हे डाळिंबाच्या बागेत. हौशा सकाळी दहापासून पाचपर्यंत साखळीला. सोडला तर ठिबकच्या नळ्या कुरतडायचा. एका दुपारी त्यानं ओळीच्या ओळी चावून ठेवल्या होत्या आणि बाग पाण्यावाचून राहिली होती. म्हणून साखळी. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मॅडम, त्याच्या डोक्याला काम द्या."

हौशा कारवानी. आमच्या नातेपुत्याकडं, सांगोला-जतच्या माळावर या कुत्र्यांचा फार लळा. केनेल क्लबच्या दप्तरात त्याला कॅरॅव्हॅन हाउंड म्हणतात, कर्नाटकात मुधोळ. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट. ससा दिसला की मागं सुटायचं, एवढ्यासाठी पिढ्यान् पिढ्या घडलेलं जनावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण शोधायची, पाठलाग करायची ती ओढ कायद्यानं जात नाही. मी तिला चार हात साखळीला बांधून ठेवलं होतं, हे त्या ट्रेकडं बघताना मला कळलं.

टाके सुकले तशी मी खेळणी शोधायला लागले. पहिला आणला तो प्लॅस्टिकचा चेंडू. घरंगळला की भोकातून एकेक दाणा पडायचा. हौशाला तो पाच मिनिटांत उमगला आणि सहाव्या मिनिटाला त्यानं दाताखाली धरून त्याच्या चिरफळ्या केल्या. मी शेजारी बसले होते म्हणून तुकडे तोंडातून काढता आले. मग दुसऱ्या टोकाची चूक केली: अजिबात तुटणार नाही असं नायलॉनचं टणक हाडूक घेतलं. ते तुटलं नाही, त्याच्या वरच्या दाढेचा टवका उडाला. टिकाऊ वस्तू म्हणजे कठीण वस्तू, असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी एक सोपी खूण सांगितली: अंगठ्याचं नख जोरात रोवून बघायचं. थोडंही दबलं नाही, तर ती वस्तू दातांसाठी घेऊ नये. शिजवलेलं हाड तर कधीच नाही, त्याच्या कपच्या सुरीसारख्या होतात.

शेवटी जाड रबराचं पोकळ खेळणं घेतलं, एकावर एक तीन गोळे ठेवल्यासारखं. कॉंग नावाच्या या खेळण्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत डेन्व्हरला जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. मार्कहॅम एकदा जुनी फोक्सवॅगन दुरुस्त करत असताना गाडीच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झनं उचलला आणि दगड सोडून तोच धरून बसला. त्यातून १९७६ मध्ये कंपनी उभी राहिली. लाल रबर नेहमीच्या कुत्र्यांना, काळं जास्त चिवट, पिल्लांसाठी मऊ. हौशा २२ किलोचा, पण त्याचे जबडे लांबट आणि चावा तुटक. त्याला काळ्याची गरज पडली नाही. माप मात्र एक नंबर मोठं घेतलं. सुळ्यांच्या मागं जाईल एवढं लहान खेळणं घशात अडकतं. आणि भोकं दोन्ही बाजूंना हवीत. एकाच भोकाच्या पोकळ चेंडूत जीभ आत ओढली जाऊन सुजल्याचे प्रकार झाले आहेत. कारवान्याची जीभ लांब, म्हणून मी हे आधी बघितलं.

आत काय भरायचं, याचं उत्तर सासूबाईंनी दिलं. "रात्रीची भाकरी कुस्करून दह्यात कालव की. वेगळं काय लागतंय त्याला?" ज्वारीची शिळी भाकरी, दही, उकडलेलं अंडं, कधी शिजवलेला भोपळा, वरून चिमूटभर बिनमिठाचा शेंगदाण्याचा कूट. पहिले आठ दिवस सैल भरलं, हलवलं की पडेल असं. सुरुवातीलाच ठासून भरलं असतं तर तो वैतागून सोडून गेला असता. मग हळूहळू दाबून, मग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून. गोठलेलं खेळणं त्याला पाऊण तास पुरतं. जे आत जातं ते त्याच्या वाटणीतून कमी करते. कारवान्याच्या बरगड्या दिसल्याच पाहिजेत.

सगळ्यांत त्रास दिला मुंग्यांनी. ओसरीवर पडलेल्या खेळण्यात दुपारपर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग लागायची आणि हौशा नाक झटकत लांब बसायचा. आता सासूबाई कडेला पाणी असलेल्या परातीत पाट मांडतात, त्यावर खेळणं. रिकामं झालं की लगेच आतून बाटलीच्या ब्रशनं धुवायचं.

माझ्या मनात एक शंका होती: खायला ताटात मिळत असताना त्यानं खटपट का करावी? १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन या संशोधकानं उंदरांसमोर भरलेली वाटी ठेवली होती, तरी बरेच उंदीर कळ दाबून दाणा मिळवायला जात, असं वाचलं. मी तसंच करून पाहिलं. ताटात थोडी दहीभाकरी, शेजारी खेळणं. हौशानं ताट हुंगलं, दोन घास खाल्ले आणि पुढच्या दोन्ही पायांत रबर धरून बसला. कान मागं, डोळे अर्धे मिटलेले. साखळी लावलेल्या दिवसांत हा चेहरा मी पाहिला नव्हता. ठिबकच्या नळ्यांकडं तो आता फिरकत नाही. साखळी खुंटीला टांगलेली आहे.

खरी परीक्षा आषाढात झाली. फलटण, बरड, धर्मपुरी करत माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. आमची वस्ती रस्त्याला लागून, अंगणात दरवर्षी एक दिंडी उतरते. टाळमृदंग, पाण्याचे टँकर, भोंगे. आदल्या वर्षी हौशानं भिंतीला पंजे घासून नखं रक्ताळून घेतली होती. या वेळी मागची खोली पडदे ओढून अंधारी केली, त्याची गोधडी टाकली आणि गोठवलेली तीन खेळणी तयार ठेवली. चाटताना कुत्रं शांत होतं, हे मी महिनाभर बघत आले होते. पालखीचे भोंगे वाजले तेव्हा त्यानं मान वर केली, थांबला आणि पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी दिंडीतल्या एक मावशी द्रोणात शिरा घेऊन आल्या. "त्या मुक्या जिवालाबी द्या." शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि आमच्या भागात तर ते घरोघरी. मी हात जोडून सांगितलं. मावशींना वाईट वाटलं नाही. त्यांनी खोलीच्या दारातून वाकून पाहिलं. "ह्येच्या भाकरीमागं नामदेव तुपाची वाटी घेऊन पळालं हुतं," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ उंबऱ्यावर बसून त्याचं चाटणं बघत राहिल्या. तिसरं खेळणं मी त्यांच्याच हातून द्यायला लावलं.

पहाटे पालखी माळशिरसच्या वाटेला लागली. मी उठले तेव्हा अंगण झाडून ठेवलेलं होतं. तिन्ही खेळणी राखेनं घासून, नळाच्या कट्ट्यावर आमच्या तांब्यांच्या रांगेत उपडी घातलेली होती.