पडद्याच्या दोन्ही बाजूंना

चित्रपट पाहायचा म्हणजे चित्रपटगृहातच, असा आपला सर्वसाधारण समज आहे. वास्तविक या कलेचे पहिले पाऊल पडले ते परक्याच्या घरात. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी आपली चलच्चित्रे तिकीट लावून दाखविली, ती एका कॉफीगृहाच्या तळघरात. ७ जुलै १८९६ रोजी ती मुंबईत आली, तीही वॉटसन हॉटेलात. पुढे जत्रेजत्रेतून फिरणारे तंबू आले. मालमोटारीवर यंत्र, पडदा आणि तंबू लादून गावोगाव हिंडणाऱ्या महाराष्ट्रातील या मंडळींवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट काढला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा गौरव झाला.

माझ्या पिढीतील मुंबईकरांना मात्र या परंपरेचा परिचय झाला तो गणेशोत्सवात. गल्लीच्या मधोमध दोरीवर पांढरी चादर ताणलेली असे आणि भाड्याने आणलेले सोळा मिलिमीटरचे यंत्र घरघरत असे. उशिरा येणाऱ्यांना पडद्यामागे बसावे लागे. तेथे अक्षरे उलटी दिसत आणि नायक डाव्या हाताने लढे. कथा मात्र दोन्ही बाजूंना सारखीच कळे. रीळ संपले की दिवे लागत. दुसरे रीळ चढेपर्यंतच्या त्या पाच-सात मिनिटांत शेजारणी एकमेकींच्या मुलांची चौकशी करीत आणि कोणाचे दुखणे, कोणाची नोकरी, कोणाचे भांडण सर्वांना समजे. आज घरातील प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे. त्याला रीळ बदलावे लागत नाही. म्हणून शेजाऱ्याकडे मान वळविण्याचे निमित्तही उरलेले नाही.

गणपतीच्या त्या पडद्यासमोर आम्ही ख्रिस्ती मुलेही बसत असू. आमच्या चर्चच्या सणाला अंगणात ‘दयासागर’ लागला, तेव्हा तीच शेजारची माणसे आली आणि क्रुसाच्या प्रसंगी आमच्याबरोबरच त्यांनीही डोळे पुसले. एका पडद्यापुढे आम्ही पाहुणे होतो, दुसऱ्यापुढे यजमान. शेजारधर्माला ही दोन्ही नाती लागतात. जो नेहमी यजमानच असतो, त्याला उपकारकर्त्याचा अहंकार चढतो. ज्याच्या वाट्याला नेहमी पाहुणेपणच येते, त्याच्या मनात परकेपणाचे शल्य राहते.

भारतीय चित्रपटाचा उगमही अशाच एका पाहुणचारात आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक विदेशी मूकपट पाहिला. येशू ख्रिस्ताची जीवनचित्रे डोळ्यांपुढून सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्या ध्यासातून ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे आदराने पाहणारा मनुष्य आपल्या घरी समृद्ध होऊन परततो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सारे मनात येते ते पालीच्या बाजारपेठेत. अष्टविनायकांतील नव्हे, मुंबई-गोवा महामार्गावरील, रत्नागिरीजवळची ही पाली. कोकणात जाता-येता मी येथे अनेकदा थांबलो आहे. कर्ती मुले मुंबईला आणि वृद्ध माणसे ओटीवर, हे चित्र या परिसराला नवे नाही. अशा ठिकाणी वाडीवाडीतून फिरणारा लहानसा चित्रपट महोत्सव भरावा, असे मला फार वाटते. त्यासाठी नवी रीत शोधायला नको. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. नमन-खेळे आणि जाखडी अंगणातच रंगतात. तोच मार्ग पडद्याने धरावा.

जागेची निवड मात्र विचारपूर्वक व्हावी, कारण कोण येणार हे जागाच ठरवीत असते. देवळाच्या आवारात पाऊल टाकताना कोणी बिचकतो; चर्चच्या किंवा मशिदीच्या अंगणात शिरताना दुसरा संकोचतो; मोठ्या घराच्या खळ्यात तिसऱ्याला कोठे बसावे ते कळत नाही. म्हणून एकच जागा न धरता एक संध्याकाळ शाळेच्या पटांगणात, दुसरी बौद्धवाडीच्या विहारापुढे, तिसरी मोहल्ल्यात, चौथी कुणबीवाडीतील खळ्यात व्हावी. आमची चार घरे जेथे असतील, तेथे एक संध्याकाळ आमच्याही अंगणात. पावसाळा संपल्यापासून आंब्याची धांदल सुरू होईपर्यंतचा काळ याला योग्य.

दाखवायचे काय? रीतसर परवानगी घेऊन ‘श्यामची आई’ (१९५३) दाखवावा; श्यामचे पालगड याच जिल्ह्यातले. ‘श्वास’ (२००४) दाखवावा. त्यात दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला जग डोळे भरून पाहू देणारा कोकणातला आजोबा आहे. ओटीवरच्या वृद्धांना त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) हवाच. त्यात चर्चमधील एक प्रसंग आहे. तेथील सेवाभावी मंडळींना गरिबाच्या व्याकुळतेपेक्षा शिस्तीची चिंता अधिक. आम्हा धर्मगुरूंना तो टोचतो, टोचावाही. तरीही १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत त्याचा समावेश आहे. आपल्यावरील टीका एकट्याने पाहिली तर राग येतो. शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून पाहिली, तर ती ऐकून घेण्याचे बळ येते.

वाचकहो, यंत्र भाड्याने मिळते आणि चादर घरोघरी असते. अवघड आहे ते आपल्या अंगणाचे फाटक उघडे ठेवणे. आणि त्याहून अवघड, दुसऱ्याच्या उघड्या फाटकातून आत जाऊन मिळेल तेथे, प्रसंगी पडद्यामागेही, आनंदाने बसणे. चित्रपट अर्ध्यावर आला की यंत्र मुद्दाम थांबवावे आणि दिवे लावावेत. लोकांना बोलू द्यावे.