हजर

आमची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. दोन गुरुजी, चार वर्ग. पहिली-दुसरी बाहेर लिंबाखाली, तिसरी-चौथी आत सभामंडपात. आत एकच फळा. त्याच्या मधोमध खडूनं रेघ मारलेली. अलीकडं तिसरीची गणितं, पलीकडं चौथीची. ज्यानं त्यानं आपापलं पोतं आणायचं, अंथरायचं आणि बसायचं.

1978 सालची गोष्ट. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली आणि खर्चूनही झालेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याच्या मागं पोरं. मी तिसरीत होतो. पाच महिने कोपीत राहिलो. धाकट्या बहिणीला सांभाळलं, फडातलं वाढं गोळा करून पेंढ्या बांधल्या. पाडव्याच्या सुमाराला परत आलो, तेव्हा हजेरीपटावर माझं नाव होतं, पण वर्गातली जागा गेली होती. मी पोतं घेऊन पार मागं, खांबाच्या आड जाऊन बसलो. खरं सांगायचं तर ती जागा मला बरीच वाटली. तिथून फळा दिसत नव्हता, पण गुरुजींनाही मी दिसत नव्हतो.

आधीचे गुरुजी मारकुटे नव्हते. फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, आणि वळलेच तर आमच्या डोक्यांवरून वेशीकडं बघायचे. "समजलं का रं?" विचारायचे. आम्ही एका सुरात "समजलं गुरजीऽ" म्हणायचो. त्यांचंही काम झालं, आमचंही झालं.

मी फडावर होतो तेवढ्यात त्यांची बदली होऊन नवे गुरुजी आले होते. त्यांची हजेरी घ्यायची रीतच वेगळी. नाव घ्यायचे, मान वर करायचे आणि त्या पोराचे डोळे सापडेपर्यंत पेन टेकवायचे नाहीत. माझं नाव आलं. मी खांबामागून "हजर" म्हणालो. पेन टेकलंच नाही.

"आवाज आला. पोरगं कुठंय?"

मी खांबाच्या कडेनं तोंड काढलं. त्यांनी बघितलं, हसले आणि मग खूण केली. इतकंच. पण आपण आज शाळेत आलोय हे कुणाला तरी ठाऊक आहे, असं दिवसभर वाटत राहिलं.

त्याच दिवशी हातच्याची बेरीज चालली होती. सगळ्यांबरोबर मीही "समजलं गुरजी" म्हणून मोकळा झालो. गुरुजी रांगेतून फिरत माझ्यापाशी आले. मी मान खाली घातली. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देणं म्हणजे उर्मटपणा. "वर डोळे करून बघतो काय?" हे ऐकतच आम्ही वाढलेलो. मोठ्यांची नजर आम्हाला ठाऊक होती ती वटारलेली. वाटलं, आता हनुवटी धरून तोंड वर करतील. पण ते उकिडवे बसले आणि वाकले. त्यांचं तोंड माझ्या तोंडाच्याही खाली आलं. मी खाली घातलेली नजर त्यांना तिथंच भेटली.

"तोंड व्हय म्हणतंय, डोळं न्हाई म्हणतेत," ते हळूच म्हणाले. "फडात पेंढ्या बांधायचास का रं?"

"व्हय."

"समज, धा वाढ्यांची एक पेंढी. तुझ्याजवळ सुटी सात हायेत. मायनं आणखी पाच आणून दिली. काय करशील?"

"धाची पेंढी बांधीन. दोन सुटी राहतेत."

"आन् पेंढी कुठं ठेवशील?"

"पेंढ्यांच्या ढिगात."

"तोच हातचा, लेकरा."

ज्या पाच महिन्यांची मला लाज वाटत होती, त्यांतूनच गुरुजींनी मला हातचा काढून दिला.

पुढं मी डी.एड. केलं. तिथं सूक्ष्म अध्यापनात एकेक कौशल्य सुटं करून घोटून घेत. फलकलेखन, प्रश्न विचारणं. सगळं कामाला आलं. पण पोरांचे डोळे बघायचं मी देवळातच शिकलो होतो. आणि शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही, हे नोकरीत कळलं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका वस्तीवरच्या शाळेत होतो. वर्गात 42 पोरं. तांदळाचं वाटप, दाखले, वरून मागवलेले तक्ते. हजेरी मी मान खाली घालून दोन मिनिटांत उरकायचो. शिकवताना नजर पुढच्या चार-पाच हुशार पोरांवर. त्यांचे डोळे चमकले की वाटायचं, वर्गाला समजलं. मास्तरालाही शाबासकी लागते, आणि ती पुढच्या रांगेतून लवकर मिळते.

चौथीतली एक मुलगी दाराच्या मागं बसायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरून आठवडा झाला होता. तिचं नाव घेतलं की "हजर" ऐकू यायचं. चार दिवस आलं. पाचव्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली, म्हणून मी मान वर केली. तिच्या जागी कुणीच नव्हतं. तिची मैत्रीण तिच्या वतीनं हजेरी देत होती.

"नाव कटू नये म्हून, गुरजी," ती रडतच म्हणाली. मग म्हणाली, "जायच्या आधी दोन दिस ती तुमच्याकडंच बघत हुती. मला ठिवून घे म्हून आज्जीला सांगा, असं म्हणायचं हुतं तिला."

कानाडोळा करणे. हा वाक्प्रचार मी पोरांना वाक्यात उपयोग करायला कितीदा दिला असेल. त्याचा अर्थ मला त्या दिवशी समजला.

ती शाळेत पुन्हा आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात फाटकाशी दिसली, कडेवर भाऊ घेऊन. "गुरजी" म्हणाली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. त्या वेळी नजर मी खाली घातली.

तेव्हापासून हजेरीला मला दहा मिनिटं लागतात. रोखून बघत नाही. एका पोराला एक क्षण पुरतो. जे नजर चुकवतं त्याला वर्गात छेडत नाही, सुट्टीत हापशावर गाठतो. कुणी उपाशी आलेलं असतं, कुणाच्या घरी रात्री भांडण झालेलं असतं, कुणाला फळ्यावरचं दिसतच नसतं. दिवाळीच्या आधी तर मुद्दाम बघतो. ज्यांना जायचंय, त्यांचे डोळे आठ दिवस आधीच निघालेले असतात. मग त्यांच्या आजी-आजोबांच्या ओट्यावर जाऊन बसतो, हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालतो.

सगळीच थांबतात असं नाही. पण आता पोर गेलं, तर ते मला त्याच दिवशी कळतं.